साबुदाण्याचं गाव

माझ्यावर उपकार असलेली माणसं पुष्कळ आहेत. पण एकच नाव घ्यायचं झालं तर मी सोनाआत्याचं घेईन. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला तिकोणा पेठ हे आमचं गाव; तिथल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढलेलं नव्हतं. चौथी झाल्यावर वडील मला गुरांमागे लावणार, हे कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं. ती खंडाळ्याहून गाडीनं कामशेतला उतरली, तिथून पायी चालत आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ह्याला मी नेते." पुढचं माझं लोणावळ्याचं हायस्कूल, पुण्याचं कॉलेज आणि आजची नोकरी हे सगळं त्या एका वाक्यातून निघालेलं आहे.

आज श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर रात्री भिजत घातलेला साबुदाणा फुगून पातेल्याच्या काठाला आला होता. दुपारी ताटात खिचडी, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि कडेला थोडा वरीचा भात. माझी मुलं म्हणतात, गाडीत शिरलेला तपासनीस जसा एकेका प्रवाशाकडे बघतो, तसे बाबा उपासाच्या ताटाकडे बघतात. त्यांचं खरं आहे. पंधराएक वर्षं झाली, श्रावण आला की मला हे ताट सरळ मनानं खाता येत नाही.

आत्या खंडाळ्याला एका बंगल्यावर राखणीला होती. मालक मुंबईचे, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास यायचे. पावसाळ्याचे चार महिने बंगला कुलपात आणि मागच्या बाजूच्या खोलीत आम्ही दोघं. खंडाळ्याचा पाऊस बाहेरून बघायला येणाऱ्यांना सुंदर वाटतो. आत राहणाऱ्याला तो घरात शिरलेला वाटतो. धुकं खिडकीतून येऊन कॉटवर बसायचं. मिठाला पाणी सुटायचं, वह्यांची पानं एकमेकांना चिकटायची, चामड्याच्या वहाणांवर दोन दिवसांत हिरवी बुरशी. आत्याची आगपेटी चुलीजवळच्या कोनाड्यात, फडक्यात गुंडाळलेली असायची. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावतात, त्याचा दम टाकल्यासारखा आवाज दिवसभर ऐकू यायचा. जरा उघडीप मिळाली की आत्या बंगल्याच्या खिडक्या उघडायची, गालिचे उलटे टाकायची आणि एकेका खोलीत निखाऱ्यांची शेगडी फिरवायची. ओल मारायचा तेवढाच उपाय. तिचा सगळा पावसाळा त्या ओलीवर नजर ठेवण्यात जायचा.

मी मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात जायला लागलो, तेव्हा तिनं घाटातल्या महादेवाला नवस बोलला होता. पोराला पदवी मिळेपर्यंत चातुर्मासातले सगळे सोमवार करीन. त्यात एक अट होती, आमच्याकडे सगळेच पाळतात ती. एखादा उपास मोडला तर तो गेला. त्याच्या बदली दुसरा धरायचा, तरच नवस पुरा होतो. पहिली तीन वर्षं मी सकाळच्या लोकलनं जाऊन-येऊन शिकलो. शेवटच्या वर्षी अभ्यासासाठी पुण्यात खोली घेतली आणि शनिवारी खंडाळ्याला येऊ लागलो. आत्याचा एकही सोमवार तोवर चुकलेला नव्हता.

त्या वर्षी श्रावणात, एका सोमवारच्या तासाला आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारलं, आज उपास कुणाकुणाला आहे? अर्ध्याअधिक वर्गानं हात वर केले. काय काय खाल्लंत? आम्ही सांगत गेलो आणि ते फळ्यावर लिहीत गेले. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, राजगिरा, पेरू, पपई. मग प्रत्येकापुढे रेघ ओढून त्यांनी एकच शब्द लिहिला. अमेरिका. शेवटच्या ओळीपर्यंत अमेरिका. "पोर्तुगीज गलबतं यायच्या आधी यातलं काहीही इथं कुणी पाहिलेलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही आज उपास केला नाहीत, परदेशचा दौरा केलात."

वर्ग हसला. मी हसलो नाही, मी वही काढली. त्या आठवड्यात मी ग्रंथालयात बसून सापडेल ते उतरून घेतलं. मिरची येण्याआधी आपलं कालवण मिऱ्यानं तिखट व्हायचं. साबण, बादली, चावी हे शब्दसुद्धा त्याच गलबतांतून उतरले. टोमॅटो, मका, काजू, सीताफळ, तंबाखू, सगळे पाहुणे. लोणावळ्याच्या फलाटावर आपली म्हणून विकली जाणारी चिक्की, तिच्यातला दाणासुद्धा. मला वाटलं, शिकल्यासारखं शिकलो ते हेच. जगातली प्रत्येक वस्तू आपण सांगतो त्याहून वेगळ्याच ठिकाणची आहे आणि हे मला कळलं आहे. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं नसतं, त्याला असं काही हाती लागलं की ते घरी नेऊन दाखवल्याशिवाय राहवत नाही. त्यात आनंद किती होता आणि मोठेपणा किती, याबद्दल मला आज माझाच संशय येतो.

रविवारी दुपारी आत्या सूप घेऊन दुसऱ्या दिवशीचा साबुदाणा निवडत बसली होती.

"आत्या, तू निवडतेस त्याचं गाव कुठलं, माहितीये?"

"शेटच्या दुकानातलं."

"त्याच्या आधी?"

"पोत्यातलं."

मग मी वही काढली आणि वाचून दाखवायला लागलो. बटाट्यापर्यंत ती हसत होती. बादली आणि चावी ऐकल्यावर कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा हलवून म्हणाली, "मंग बंगला उघडू कशानं, दातानं?" मिरचीला तिनं हात थांबवला.

"मिरची बी?"

"मिरची पण."

"आन हे सगळं आनलं कुनी?"

"फिरंग्यांनी. गलबतातून."

"ती लोकं सोमवार धरायची?"

"त्यांचा देव वेगळा, आत्या."

"मांस-मच्छी खायची?"

"खायची."

तिनं सूप खाली ठेवलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. तिनं विचारलं, "आन माजं सोमवार?"

मला प्रश्न कळला नाही. खरं म्हणजे मी कळून घेतला नाही. "तुझ्या सोमवारांना काय होतंय," असं काहीतरी म्हणून मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघालो, तेव्हा सुपातला साबुदाणा तसाच होता. तिनं फक्त दूध घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी ती मला घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेली. आमचे दुकानदार प्रेमजीशेठ. आत्याला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून माझी पत्रंही दुकानाच्या पत्त्यावर यायची आणि शेठच ती वाचून दाखवायचे. आत्यानं पोत्यात हात घातला, मूठभर साबुदाणा वर काढला आणि दारातल्या उजेडात धरला.

"शेट, ह्यो कुटला?"

"एक नंबर आहे, मावशी."

"नंबर न्हाई इचारला. गाव इचारलं."

"सेलम. मद्रासकडे."

"त्याच्या आदी?"

शेठनं माप खाली ठेवलं. "त्याच्या आधी म्हणजे लढाईच्या आधी? तेव्हा बोटीनं यायचा, मलायाहून. तो झाडाच्या बुंध्यातून काढायचे. लढाईत बोटी बंद झाल्या, मग आपल्याकडे कंदापासून करायला लागले."

"म्हंजी तो येगळा आन ह्यो येगळा?"

"दिसायला एकच, मावशी."

"तोतया बी तसाच दिसतो," आत्या म्हणाली. "आन आमाला कुनी सांगितलं न्हाई."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती ऐकायला लागली. आत्यानं सैंधवाकडे बोट केलं. शेठ जरा घुटमळून म्हणाले, पाकिस्तानातून. शेंगदाण्याचं विचारलं तर म्हणाले, हा मात्र आपला, सौराष्ट्रातला. "ह्यो न्हाई म्हनतो," असं म्हणून आत्यानं मला पुढं केलं. शेठनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुला समोरच्या दुकानवाल्यानं पाठवलं काय रे?"

"मला कॉलेजात सांगितलं, शेठ."

"कॉलेजात किराणा शिकवतात?"

"आन तुमी कुटलं?" आत्यानं मधेच विचारलं.

"कच्छचे. पण तीन पिढ्या झाल्या इथं."

"म्हंजी तुमी बी."

"मावशी, मला तर उपासाला खायचं नाही ना?"

गिऱ्हाइकं हसली. आत्या हसली नाही. रिकामी पिशवी काखेत मारून ती पायऱ्या उतरली. बाजूच्या बंगल्यांवरच्या माळ्या-ड्रायव्हरांत दोन दिवसांत गोष्ट पसरली. सोनाबाईच्या भाच्याला पुण्यात कुणी तरी नादी लावलंय, देवाधर्माचं खाणं सोडायला लावतंय. एकानं तर मला वाटेत थांबवून माझा गळा बघितला, आत क्रूस अडकवलाय का म्हणून.

राजमाचीच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथली हौसाबाई दर पंधरवड्याला टोपली घेऊन बंगल्यांवर यायची. रानभाज्या, कंद आणि घरची वरी. पुढच्या रविवारी आत्यानं तिला पायरीवर बसवून घेतलं.

"हौसा, ही वरी कुटली?"

"डोंगरातली. आमच्या उतारावरची."

"तुज्या आज्यानं बी हीच पेरली का?"

"आज्यानं, त्येच्या आज्यानं. का वं, किडा निगाला?"

"वरीत न्हाई. माज्या डोक्यात निगालाय. ह्या पोरानं सोडला."

हौसाबाईनं माझ्याकडे बघितलं. आत्यानं पुन्हा विचारलं, "बी कुनी आनलं म्हनं?"

"बी कोन आनतंय? डोंगराचंच हाय."

आत्याला हवा होता तो साक्षीदार मिळाला. ती म्हणाली, आता उपासाला दूध आणि वरी, दुसरं काही नाही. हौसाबाई टोपली डोक्यावर घेता घेता हसली. "आमी तर रोजच वरी खातो, बाई. म्हंजी आमाला रोजच उपास म्हना की."

ते वाक्य माझ्या वहीत नाही. पण वहीत लिहिलेलं पुष्कळ विसरलो आणि ते राहिलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आत्यानं खाणं बदललं, एवढंच मला वाटलं. भाद्रपदात गेलो तेव्हा कोनाड्यात एक डबा दिसला. त्यात चिंचोके होते. तिनं तीन वर्षांचे सोमवार आठवून तितके चिंचोके टाकले होते. ते सगळे उपास मोडलेले, असा तिचा निवाडा होता. फिरंग्यांच्या ताटातलं खाऊन केलेले उपास महादेवानं कशाला धरावेत? आणि मोडलेल्याच्या बदली दुसरा धरायचा, ही तर अटच. माझी परीक्षा चैत्रात. तोवर पुरे व्हायचे तर आठवड्याला एक उपास पुरणार नव्हता. म्हणून तिनं गुरुवार आणि शनिवारही धरले होते. संपला उपास की एक चिंचोका चुलीत. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली, असं मी वहीत लिहून घेतलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. जवळचं ज्ञान गिळायची माझी ती पहिली वेळ.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी आलो तेव्हा आत्या बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसली होती. शेजारी शेगडी लवंडलेली, निखारे ओल्या फरशीवर विझून काळे पडलेले. वरच्या खोलीत शेगडी नेताना तिला घेरी आली होती.

"जरा बसले," ती म्हणाली. हात धरला तर गार. बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

मी तिला आत नेलं, दूध गरम करून दिलं आणि मग खोटं बोललो. "आत्या, आमचे सर चुकले होते. काल त्यांनी परत सांगितलं, बटाटा आपलाच आहे म्हणून."

तिनं पेला खाली ठेवला. "मागल्या खेपेला वही काढून दावलीस. आता वही कुटंय?"

"विसरलो."

"तवा मास्तर खरा आन आता खोटा, आसं कसं? का माजी तब्येत बगून बटाटा हितला झाला?"

तीच पुढं बोलली, अगदी सावकाश. "हे बग. तू नापास झालास तर लोकं म्हनतील, कालेज आवगड हुतं. पर मला ठावं आसंल ना. माजंच उपास मोडकं हुतं."

घाटातून गाडी चढत होती, तिचा आवाज येत राहिला. कॉलेजातून मी घरी काय आणलं, हे मला तेव्हा दिसलं. पुस्तक नाही, पगार नाही. संशय आणला होता. आणि तो जिथं कधीही शिरलेला नव्हता त्या जागी, तिच्या सोमवारांत, नेऊन ठेवला होता. पाहुणे सगळे पचले होते. हा मी आणलेला पचत नव्हता.

मी प्राध्यापकांकडे गेलो. आत्याची हकीगत ऐकून ते आधी हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "असं बघ. उपासाला धान्य वर्ज्य. कशाकशाला धान्य म्हणायचं ती यादी जुनी. ही मंडळी नंतर आली, यादीत त्यांचं नावच नव्हतं. कुठल्या तरी बाईनं विचार केला असेल, हे आपल्या धान्यात बसत नाही, म्हणजे चालायला हरकत नाही. परकं होतं म्हणूनच चाललं असेल. पण पुरावा मागू नकोस. माझा अंदाज आहे."

अंदाज छान होता. इतका सोयीचा होता की मला त्याचाही संशय आला. तो आत्याला सांगितला असता तर तिनं पुन्हा वही मागितली असती, आणि बरोबर मागितली असती. त्या रात्री खोलीवर अभ्यासाचं पुस्तक उघडून मी तसाच बसलो. सकाळी खाणावळीच्या काकूंशी बोललो, वाण्याकडून वरी आणली आणि पुढच्या आठवड्यात आत्याला पत्र लिहिलं. शेठ ते भर दुकानात मोठ्यानं वाचणार, हे धरूनच लिहिलं.

अलीकडे लोणावळ्याच्या बाजारातून गेलं की 'अस्सल' आणि 'मूळचे' असे शब्द असलेल्या पाट्या खूप दिसतात. मी त्या वाचत नाही. बैठकीत कुणी सांगायला लागलं की अमुक वस्तू खरी कुठली माहितीये का, तर मला सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याची काळजी वाटते. ऐकणाऱ्यानं त्या वस्तूवर काय तोलून धरलंय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. गंमत गंमत म्हणून तो खालचा दगड काढून दाखवतो.

पत्र पोचल्यावर काय झालं, ते शेठनी मला नंतर सांगितलं. आत्यानं ते उभ्यानं ऐकलं. पुन्हा वाचायला लावलं. मग पिशवी पुढं केली आणि म्हणाली, "साबुदाना द्या."

"हाच? सेलमचा?"

"ह्योच. तोतया."

तरी तिचा पूर्ण विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. नंतर कित्येक महिने मी खंडाळ्याला गेलो की ती आधी माझं मनगट धरून बघायची, बारीक झालोय का म्हणून. झालो असेन तर समाधान, नसेन तर प्रश्न. चैत्रात परीक्षा झाली आणि मी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो. कुणाच्या उपासानं, ते आम्ही दोघांनी कधी बोलून ठरवलं नाही.

मला काहीही आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शाळेतली सवय. त्यामुळे त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. ती इथं देतो.

तीर्थरूप सोनाआत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. शेठ, हे पत्र कृपा करून सावकाश वाचा आणि मधे आपलं काही घालू नका.

आत्या, मी त्या दिवशी खोटं बोललो. सरांनी बटाटा आपला आहे असं सांगितलेलं नाही. तो बाहेरचाच आहे, साबुदाणाही बाहेरचा, मिरचीही. वहीत लिहिलं होतं ते खरं होतं. सर आता असंही म्हणतात की तो बाहेरचा होता म्हणूनच उपासाला चालला. ते खरं की खोटं मला माहीत नाही, म्हणून त्यावर तू काही ठरवू नकोस.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे शनिवार तू उचलले होतेस. पेठेत सगळे म्हणाले होते, घरातल्यानं घरातल्याचा वार उचलला तर तो पोचतो. म्हणून मी तुझे मागचे सोमवार उचलले आहेत. गेल्या आठवड्यापासून सोमवार, गुरुवार, शनिवार मी धरतो. वरी आणि दूध, दुसरं काही नाही. तू विश्वास ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून खाणावळीच्या काकूंना खाली सही करायला सांगितली आहे. त्या कुणाच्या भिडेनं सही करणाऱ्या नाहीत.

डब्यातले चिंचोके आता माझे. तू ते चुलीत टाकू नकोस, मी येईन तेव्हा माझ्या हातानं टाकीन. तू पुढचे सोमवार पहिल्यासारखे कर. खिचडी कर, रताळं उकड, मिरची घाल. बाकीचे दिवस दोन वेळा जेव. शेगडी वर नेताना अर्धी भर.

मी नापास झालो तर कुणाचा उपास मोडका होता, हे आता मला ठावं असेल. तुला नाही.

तुझा,
सदाशिव

वरील मुलगा तिन्ही वार वरीच खातो. बाकीच्या दिवशी दुप्पट जेवतो. काळजी नसावी.
सही, खाणावळवाली